वाळूजच्या प्लॅनिंगमधून सीपीआयएम: मी अभ्यास कसा केला, तुम्ही कसा करावा

पीपीसीत, म्हणजे उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या विभागात, माझी पहिली नऊ वर्षं फोनवर गेली. कॉइल कुठवर आली, प्लेटिंगची गाडी निघाली का, सेकंड शिफ्टला प्रेसवर डाय (साचा) लागली का, डिस्पॅचला किती कमी पडतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला टू-व्हीलरचे शीट मेटलचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्लॅनर आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, माहेर घनसावंगी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. २०२४ साली मी सीपीआयएम ही उत्पादन-नियोजनाची परीक्षा पास झाले, दुसऱ्या प्रयत्नात. तेव्हापासून चिकलठाणा, शेंद्रा, जालना, सगळीकडची मुलंमुली विचारतात: ताई, काय वाचलं, इंग्रजी जमेल का, खर्च झेपेल का. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

मला जे कळलं ते आधीच सांगते. अभ्यास करताना आपली कंपनी सतत डोळ्यांसमोर ठेवायची, आणि परीक्षेला बसताना ती दाराबाहेर ठेवायची. पहिल्या वेळी मी दुसरी अर्धी गोष्ट विसरले आणि १२ गुणांनी राहिले.

ही परीक्षा नेमकी काय आहे

सीपीआयएम म्हणजे सर्टिफाइड इन प्लॅनिंग अँड इन्व्हेंटरी मॅनेजमेंट. ती घेते अमेरिकेतली एएससीएम (असोसिएशन फॉर सप्लाय चेन मॅनेजमेंट) ही संस्था. जुने लोक तिला अजून अ‍ॅपिक्स म्हणतात, कारण १९५७ पासून तिचं नाव तेच होतं. पूर्वी ही परीक्षा दोन भागांत व्हायची. आठव्या आवृत्तीपासून एकच पेपर आहे: १५० प्रश्न, साडेतीन तास, प्रत्येकाला चार पर्याय. त्या १५० पैकी २० प्रश्न संस्था पुढच्या पेपरांसाठी तपासून बघत असते, त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे तुम्हाला कळत नाही. गुण २०० ते ३५० या पट्टीवर मिळतात आणि ३०० ला पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

बसायला पदवीची अट नाही, अनुभवाची अट नाही. आयटीआय करून स्टोअरला लागलेला मुलगाही बसू शकतो. याच संस्थेची सीएससीपी नावाची परीक्षा पूर्ण पुरवठा साखळीवर आहे आणि सीएलटीडी वाहतूक-गोदामावर. तुमचा दिवस जर 'आज कोणत्या प्रेसवर काय लावायचं' यात जात असेल तर सीपीआयएमच घ्या. ट्रान्सपोर्टमध्ये असाल तर सीएलटीडी बघा, हे पुस्तक तुम्हाला परकं वाटेल.

आणखी एक, मनापासून सांगते. नुकतंच कॉलेज संपवून दहा-बारा मशीनच्या शॉपमध्ये लागला असाल तर एवढा खर्च लगेच करू नका. आधी एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळावर आयआयटी मद्रासच्या प्रा. जी. श्रीनिवासन यांची ऑपरेशन्स मॅनेजमेंटची व्याख्यानं ऐका. ती फुकट आहेत. फळ्यावर एकेक आकडा मांडत ते इतकं शांतपणे शिकवतात की गणिताची भीती असलेल्या माणसालाही धीर येतो. एक्सेल हाताला बसू द्या. दोन वर्षं फ्लोअरवर काढा. मग पुस्तकातली प्रत्येक ओळ तुमच्या ओळखीची निघेल.

पैसे आणि कागदपत्रं

फी डॉलरमध्ये आहे. सभासदाला कमी, इतरांना जास्त. अभ्याससाहित्य वेगळं विकत घ्यावं लागतं. आजचा आकडा संस्थेच्या संकेतस्थळावर बघा आणि त्या दिवशीच्या रुपयाच्या भावाने गुणाकार करा. शिवाय बँक परदेशी व्यवहारावर वरून काही लावते, तेही विचारून घ्या. आपल्याकडच्या प्लॅनरच्या पगारात ही रक्कम हलकी नाही. मी बिशी लागल्यावर फी भरली.

कंपनीला विचारायचं असेल तर फी भरण्याआधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. मला तोंडी 'बघू' मिळालं होतं, नंतर साहेब बदलले आणि ते 'बघू'ही त्यांच्याबरोबर गेलं. काही ठिकाणी पास झाल्यावर पैसे देतात आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात. बाँड वाईटच असतो असं नाही, पण वाचून सही करा.

बायकांसाठी विशेष: नोंदणी करताना जे नाव लिहाल ते ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. माझ्या मार्कशीटवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं यात घोळ. परीक्षेच्या दारात हे निघालं तर परत पाठवतात आणि फी बुडते. मी आधी पासपोर्ट दुरुस्त करून घेतला, मग नोंदणी केली. तुम्हीही याच क्रमाने करा.

टेलिग्रामवर 'खरे प्रश्न' म्हणून पीडीएफ विकणारे भेटतील. घेऊ नका. परीक्षेआधी आपण गुप्ततेच्या अटी मान्य करतो, त्या तिथेच मोडतात. आणि मला एकाने दाखवलेल्या फाइलमध्ये तर नक्त गरजेचं (हातातला माल वजा करून किती लागणार याचं) साधं गणितच चुकलं होतं. चुकीचं पाठ करून बसणं हे काहीच न वाचण्यापेक्षा वाईट.

इंग्रजीचं काय करायचं

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. माझं सगळं शिक्षण गावच्या शाळेत मराठीतून झालं, डिप्लोमाला इंग्रजी आलं ते फक्त नावापुरतं. या परीक्षेचं इंग्रजी अवघड नाही, पण काटेकोर आहे. तिथे प्रत्येक शब्दाची व्याख्या ठरलेली असते. संस्थेचा स्वतःचा शब्दकोश आहे, आणि पेपर काढणारा त्याच अर्थाने शब्द वापरतो. आपण फ्लोअरवर 'कपॅसिटी' म्हणतो तेव्हा कधी मशीनचे तास म्हणत असतो, कधी कालचं प्रॉडक्शन, कधी साहेबांची अपेक्षा. तिथे तसं चालत नाही.

मी दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर इंग्रजी शब्द आणि त्याची व्याख्या जशीच्या तशी. उजव्या पानावर मराठीत, आपल्या कंपनीतलं किंवा गावातलं उदाहरण. उजवं पान रिकामं राहिलं तर तो शब्द समजला नाही असं धरायचं आणि पुढे जायचं नाही. सुरुवातीला आठवड्याला वीस शब्द होत. तिसऱ्या महिन्यात वेग आपोआप वाढला.

सगळ्यात आधी भरलेलं उजवं पान कंपनीचं नव्हतंच, ते कालव्याचं होतं. पुस्तकात सेल्स अँड ऑपरेशन्स प्लॅनिंग नावाचा धडा आहे. पुढच्या वर्ष-दीड वर्षाची मागणी आणि आपली ताकद यांचा मेळ वरिष्ठांनी दर महिन्याला एकत्र बसून घालायचा, असा त्याचा गाभा. तीन वेळा वाचूनही तो माझ्या डोक्यात शिरेना. दिवाळीला गावी गेले होते, ओट्यावर वही घेऊन बसले होते. आबांनी विचारलं, "काय वाचायलीस गं एवढं?" मी सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "म्हंजे कालवा समितीची मीटिंगच की. धरणात पाणी किती हाय ते बघायचं, मग पाळ्या किती द्यायच्या ते ठरवायचं."

अगदी तेच आहे. १५ ऑक्टोबरला नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, किती साठा आहे त्यावर रब्बी-उन्हाळ्याचा हिशोब मांडतात. पिण्याचं, उद्योगाचं, शेतीचं. कालवा सल्लागार समिती बसते, किती आवर्तनं द्यायची ते ठरतं. हे झालं वरचं नियोजन. मग शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरून पाणी मागतो, ही मागणी. चारीतून, म्हणजे कालव्याच्या फाट्यातून, किती पाणी वाहू शकतं, ही क्षमता. कोणाची पाळी कधी, हा अग्रक्रम. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, पैठणला पाणी सोडलं की खालच्या चाऱ्यांना पोचायला दिवस लागतात, हा लीड टाइम. आबा नेहमी म्हणायचे, "पाणी सुटलं म्हणून दारं धरायला पळू नको, आपल्या चारीला यायचंय अजून."

या परीक्षेचा निम्मा जीव अग्रक्रम आणि क्षमता हे दोन शब्द वेगळे ठेवण्यात आहे. काय आधी लागणार, हा एक प्रश्न. ते करायला तास आहेत का, हा दुसरा. पाळीची यादी कितीही नीट लिहिली तरी चारीत पाणीच कमी असेल तर शेपटाकडचं रान कोरडं राहणार. आमच्या कंपनीत अग्रक्रमाच्या याद्या दिवसातून तीनदा बदलायच्या. क्षमता कोणी मोजलीच नव्हती.

ही मोजणी कशी करायची

इथे मी जरा थांबते, कारण याच गणिताने मला सगळ्यात जास्त दिलं. २०० टनाच्या दोन प्रेस, आठ तासांच्या दोन शिफ्ट, आठवड्याला सहा दिवस. २ × २ × ८ × ६, म्हणजे १९२ तास. आम्ही प्लॅन याच १९२ वर भरायचो. पुस्तक म्हणतं, त्याला दोन टक्केवाऱ्यांनी गुणा. मशीन प्रत्यक्ष चालू किती वेळ असतं: समजा ८५ टक्के, बाकी डाय बदलणं, ब्रेकडाउन, कॉइलची वाट. आणि चालू असताना ठरलेल्या वेगाच्या किती टक्के माल देतं: समजा ९०. मग १९२ × ०.८५ × ०.९० = १४६.८८. म्हणजे जेमतेम १४७ तासांचं काम.

मी आमचे आकडे तीन आठवडे शिफ्टच्या रजिस्टरमधून उतरवून घेतले आणि ते याच्या जवळच निघाले. दर आठवड्याला आम्ही ४५ तासांचं काम असं भरत होतो जे होणारच नव्हतं. त्याचीच शॉर्टेज लिस्ट बनायची, त्याचेच फोन चालायचे. नऊ वर्षं मी ज्याला सुपरवायझरचा ढिसाळपणा समजत होते, ती साधी वजाबाकी होती. त्या रात्री मला झोप आली नाही. मी त्या माणसाला किती बोलले होते.

तुम्हीही पहिल्या महिन्यात हेच करा. आपल्या सगळ्यात अडणाऱ्या मशीनचे तीन आठवड्यांचे खरे आकडे काढा. पुस्तक तिथूनच जिवंत होतं.

दुसरं गणित एमआरपीचं, म्हणजे कोणता माल किती आणि कधी मागवायचा याचं. सॅप हे कंपनीचं सॉफ्टवेअर ते करून देतं, पण परीक्षेसाठी हाताने करता आलं पाहिजे. एक क्लिप घ्या. शिल्लक ६००. पहिल्या आठवड्यात लागणार ४००, दुसऱ्यात काही नाही, तिसऱ्यात ९००, चौथ्यात ५००. आधी दिलेल्या ऑर्डरचे ३०० नग दुसऱ्या आठवड्यात येणार आहेत. मागवल्यापासून माल यायला दोन आठवडे, आणि मागवायची ती ५०० च्या पटीत. आता मांडा. पहिल्या आठवड्याअखेर उरले २००. दुसऱ्यात ३०० आले, झाले ५००. तिसऱ्यात ९०० हवेत, ४०० कमी. म्हणजे ५०० ची ऑर्डर तिसऱ्या आठवड्यात हातात हवी, म्हणजे ती पहिल्याच आठवड्यात सुटली पाहिजे. त्यातून १०० उरतात. चौथ्यात ५०० हवेत, पुन्हा ४०० कमी, पुन्हा ५०० ची ऑर्डर, ती दुसऱ्या आठवड्यात सोडायची.

बघा, आज स्टोअरमध्ये ६०० नग पडलेत. स्टोअरचे काका म्हणतात, "माल भरपूर आहे, मॅडम." आणि ऑर्डर आजच सोडायची आहे. ही गोष्ट ज्याला बोटाने दाखवता येते तो प्लॅनर. असे पन्नास तक्ते वहीत हाताने करा. लीड टाइम बदलून, पट बदलून, रिजेक्शन धरून.

ऑर्डर घेताना 'देऊ' म्हणायचं की नाही, याचंही साधं गणित आहे. हातात ३०० नग, या आठवड्याच्या पक्क्या ऑर्डर १८०, पुढच्या आठवड्याच्या ७०, आणि नवा लॉट तिसऱ्या आठवड्यात येणार. मग नव्या गिऱ्हाइकाला मोकळे किती? ३०० नाहीत, १२० पण नाहीत. ५०. त्याने १०० मागितले तर ५० आज, बाकीचे तिसऱ्या आठवड्यात, असं आजच सांगायचं. मार्केटिंगवाल्यांना हे पटवायला मला सहा महिने लागले.

लॉट केवढा घ्यायचा याचं सूत्र सगळे पाठ करतात: वर्षाची मागणी गुणिले एका सेटिंगचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. मागणी १२,०००, सेटिंग ५०० रुपये, ठेवण्याचा खर्च ३ रुपये, तर उत्तर येतं २,०००. परीक्षेत मात्र आकड्यापेक्षा अर्थ जास्त विचारतात. डाय सेटिंगचा खर्च चौथाई केला, १२५ वर आणला, तर लॉट किती? १,०००. चौथाई नाही, निम्मा. वर्गमूळ आहे ना. डाय लवकर बदलायला शिकलेली कंपनी छोटे लॉट का घेऊ शकते, हे या एका ओळीत कळतं.

मालाची वाट पाहण्याबद्दल

पार्ट बनायला लागणाऱ्या वेळाचे पाच तुकडे पाठ असू द्या: रांगेत थांबणं, सेटिंग, प्रत्यक्ष काम, काम झाल्यावर उचलण्याची वाट, आणि पुढच्या ठिकाणी जाणं. यात रांग सगळ्यात मोठी असते. मी एका जॉबकार्डमागे स्वतः फिरले. कॉइल कापण्यापासून डिस्पॅचपर्यंत नऊ दिवस. त्या पेटीभर नगांवर मशीनचा हात लागला तो सगळा मिळून पाऊण तास.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे लागतो: आत अडकलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, म्हणजे सरासरी किती दिवस लागतील. प्लेटिंगला ९,००० नग पडलेत आणि रोज १,५०० सुटतात, तर आज टाकलेला नग सहा दिवसांनी बाहेर येणार. प्लेटिंगवाल्याला कितीही फोन करा. तुमचा नग पुढे काढला तर दुसऱ्या कोणाचा मागे जातो. उपाय एवढाच की रोज सुटतं त्यापेक्षा जास्त आत ढकलायचं नाही. पुस्तकात याला इनपुट-आउटपुट कंट्रोल म्हणतात. हंगामात गाळपाच्या क्षमतेपेक्षा जास्त तोड दिली की कारखान्याच्या यार्डात बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग लागते, ऊस वाळतो, वजन घटतं. हे आपल्याकडच्या पोरांना शिकवावं लागत नाही. फक्त हे तेच आहे, एवढं ओळखावं लागतं.

पुढून आणि मागून शेड्यूल करणं यातही लोक अडकतात. लग्नाची तिथी धरली की मांडव, आचारी, पत्रिका, बस्ता, सगळं मागे मागे मोजत येतो, ते बॅकवर्ड शेड्यूलिंग. पेरणी मात्र पाऊस पडला की सुरू आणि पीक जेव्हा येईल तेव्हा, ते फॉरवर्ड. मागे मोजत आलं की माल वेळेआधी बनून पडून राहत नाही, पण वाटेत काही अडलं तर सावरायला जागाही उरत नाही. परीक्षेत हे दोन्ही परिणाम विचारतात.

वेळ कुठून काढला

कंपनीची बस सव्वासहाला चौकात येते. मी साडेचारला उठायचे आणि रोज तासभर वाचायचे. सासूबाईंनी सहा महिने सकाळचा डबा स्वतःकडे घेतला, ते नसतं तर हे झालं नसतं. रविवारी तीन तास, घरात जमलं नाही तर वाचनालयात. आठवड्याचे नऊ तास, सव्वीस आठवडे, म्हणजे सव्वादोनशेच्या पुढे. फ्लोअरचा अनुभव असणाऱ्याला एवढे पुरतात.

अभ्यासक्रमाचे आठ भाग आहेत: व्यवसायाचं धोरण, विक्री आणि उत्पादनाचं वरचं नियोजन, मागणी, पुरवठा, साठा, तपशीलवार शेड्यूल, वितरण, आणि शेवटी गुणवत्ता-सुधारणा-तंत्रज्ञान. आपण सगळे उत्साहाने सहाव्यापासून, शेड्यूलपासून, सुरू करतो, कारण ते आपलं. तसं करू नका. मला सगळ्यात जड गेले ते पहिले तीन भाग. धोरण आणि मागणी यांचा आपल्या टेबलाशी संबंध येत नाही, म्हणून ते वरवर वाचले जातात. अंदाज चुकतो कसा, चूक एकाच बाजूला झुकलेली आहे की दोन्हीकडे, हे मोजायला शिका. मी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं बारा महिन्यांचं टेंटेटिव्ह शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचल शेजारी शेजारी लिहिली. चूक दर महिन्याला एकाच बाजूची होती. आम्ही तिच्यावर सेफ्टी स्टॉकचा, म्हणजे जास्तीचा माल राखून ठेवण्याचा, इलाज करत होतो, आणि ती नुसती अंदाजातून वजा करायची गोष्ट होती.

शेवटचे पाच आठवडे फक्त सराव प्रश्न. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी: मी हा पर्याय का निवडला, आणि पुस्तक दुसरा का म्हणतं.

परीक्षेचा दिवस, आणि मी का राहिले

परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर देता येते किंवा घरून, कॅमेऱ्यासमोर. घरी एकटी खोली, रिकामं टेबल आणि साडेतीन तास अखंड वीज-इंटरनेट लागतं. आमच्या भागात त्याची खात्री नाही, म्हणून मी पुण्याचं केंद्र घेतलं. आदल्या दिवशी एसटीने जाऊन मावसबहिणीकडे मुक्काम. त्याच दिवशी पहाटे निघून जायचा विचार करू नका, नगर रोडचा भरवसा नसतो.

१५० प्रश्नांना २१० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ८४ सेकंद. दोन मिनिटांच्या वर गेला की खूण करून पुढे जायचं. पहिल्या तासात पन्नासच्या आसपास असाल तर ठीक, पंचेचाळीस होत आले तरी घाबरू नका, पुढे व्याख्येचे प्रश्न लवकर सुटतात.

पहिल्या वेळी वेळ पुरला, गणितंही सुटली. मी अडकले ती अशा प्रश्नांत: जवळच्या, गोठवलेल्या काळात (ज्यात प्लॅन सहसा बदलायचा नसतो) गिऱ्हाइकाने ऑर्डर वाढवली, मास्टर शेड्यूलरने, म्हणजे मुख्य वेळापत्रक सांभाळणाऱ्याने, आधी काय करावं? आमच्याकडे गिऱ्हाइकाचा फोन रात्री दहाला येतो आणि सकाळी प्लॅन बदललेला असतो. म्हणून मी डोळे झाकून ओव्हरटाइमचा पर्याय धरला. पुस्तकाचं म्हणणं, त्या काळात कॉइल कापून झालेली असते, माणसं लावलेली असतात, बदलाची किंमत सगळ्यात जास्त असते. म्हणून आधी परिणाम मोजा, कोणती दुसरी ऑर्डर मागे जाईल ते दाखवा, आणि निर्णय ज्याच्या अधिकारात आहे त्याच्यापुढे ठेवा. असे दहा-पंधरा प्रश्न मी अनुभवाने चुकवले. २८८ आले.

परतीच्या बसमध्ये मी फार रडले. मग घरी आल्यावर वहीत नवं सदर काढलं: 'आपण काय करतो' आणि 'काय करायला हवं'. रोज कंपनीतला एक निर्णय त्यात लिहायचा. चार महिन्यांनी पुन्हा बसले. प्रश्न वाचताना स्वतःला एकच सांगत होते, इथे फोन नाही, इथे रात्रीचे दहा वाजलेले नाहीत, सगळे नियम पाळणारी एक कंपनी आहे आणि तू तिची प्लॅनर आहेस. ३१२ आले.

पास झाल्यावर

प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. ते टिकवायला त्या मुदतीत ७५ गुण जमवावे लागतात: कोर्स, वेबिनार, शिकवणं, असं काही. पहिल्या वर्षापासून नोंद ठेवा.

पगार लगेच वाढेल असं धरून चालू नका. माझा दीड वर्षाने वाढला, तोही काम दाखवल्यावर. मी आल्याबरोबर एकच गोष्ट मागितली: दोन्ही प्रेसचा आठवड्याचा प्लॅन १४७ तासांवर थांबवायचा, आणि वरचं काम कोणाचं मागे ठेवायचं ते सोमवारी सकाळी प्रॉडक्शन आणि मार्केटिंगने समोरासमोर ठरवायचं. पहिले दोन सोमवार भांडणात गेले. तिसऱ्या सोमवारी मार्केटिंगच्या साहेबांनी स्वतः तीन पार्ट मागे घेतले. माझ्या नऊ वर्षांच्या रागाचा धनी झालेले ते सुपरवायझर आता शनिवारी दुपारी स्वतः येऊन विचारतात, "ताई, पुढच्या आठवड्याचे किती तास भरले?"

रविवारी सकाळी दहाला बजाजनगरला आमच्या घरी चौघं अभ्यासाला येतात. दोघं स्टोअरचे, एक जण जालन्याहून, एक मुलगी नुकतीच पीपीसीत लागलेली. सध्या मागणीचा भाग चालू आहे. स्वतःच्या कंपनीचे बारा महिन्यांचे आकडे घेऊन येणार असाल तर जागा आहे.